के जन्माला आला की बनवला गेला?

(या महिन्याचे तिन्ही प्रश्न 'ब्लेड रनर' या एकाच घराण्यातल्या दोन सिनेमांबद्दल आहेत. उत्तरांत दोन्हींचे शेवट सांगून टाकलेत. पाहायचे राहिले असतील तर पान आत्ताच उलटा, नंतर मला पत्र पाठवू नका.)

प्रश्न : ताई, मी मूळचा इस्लामपूरचा, पुण्यात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. रूम पार्टनरशी पैज लागलीय, महिनाभराच्या चहाची. माझं म्हणणं, 'ब्लेड रनर २०४९'मधला के हा रेप्लिकंट नाहीच, तो आईच्या पोटी जन्मलेला मुलगा आहे. त्याला लहानपण आठवतं. आठवणीतला लाकडी घोडा त्याला खरोखर सापडतो. घोड्यावरची तारीख त्या झाडाच्या बुंध्यावरही कोरलेली असते. जुन्या नोंदींच्या दप्तरात तर स्पष्ट लिहिलंय, मुलगी वारली आणि मुलगा आहे. शेवटी ती बंडखोर बाई म्हणते की मुलगी झाली होती, पण ती खरं बोलते कशावरून? पार्टनर म्हणतो, तू झोपेत सिनेमा पाहिलास. निकाल द्या.

उत्तर : चहाचे पैसे बाजूला काढून ठेव. के बनवलेला आहे.

पण तू झोपेत सिनेमा पाहिलेला नाहीस. तू जिथे फसलास तिथेच के फसतो, आणि आपण फसावं म्हणूनच ती गोष्ट तशी रचलीय. मी स्वतः फसले नाही, त्यात हुशारीचा भाग नाही. मी एकतीस वर्षं एका नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर काढली. २०१७ साली भाच्यानं मला हा सिनेमा दाखवायला नेलं. मध्यंतरापर्यंत मी सोबतच्या थर्मासातला चहा पीत निमूट बसले होते. के दप्तरखान्यात जाऊन जुन्या नोंदी उघडतो तिथे मात्र तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "अरे, ही दुबार आहे!" पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं.

ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही आणि तरीही वाचतायत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साल २०४९, गाव लॉस एंजेलिस. के हा पोलिसांत नोकरीला असलेला रेप्लिकंट, म्हणजे कंपनीनं बनवलेला माणूस. त्याला नाव नाही, केडी६-३.७ असा नंबर आहे. जुन्या बनावटीचे पळालेले रेप्लिकंट शोधून मारणं हे त्याचं काम, आणि त्या मारण्याला खात्यात 'रिटायर करणं' म्हणतात. (मी रिटायर झाले त्या दिवशी भाच्यानं हा विनोद केलाच.) एका शेतावरच्या वाळलेल्या झाडाखाली त्याला हाडांची पेटी सापडते. हाडं एका बाईची, आणि ती बाळंतपणात गेलेली. भिंगाखाली पाहतात तर हाडावर नंबर. म्हणजे बनवलेल्या बाईला मूल झालं. हे बाहेर फुटलं तर बनवलेले आणि जन्मलेले यांच्यातली भिंत कोसळेल, म्हणून केची साहेबीण त्याला सांगते की मूल शोध आणि सगळा पुरावा मिटव. साहेबिणीचं नाव लेफ्टनंट जोशी. होय, जोशी. आमच्या थिएटरात त्या नावावर जेवढा हशा पिकला, तेवढा अख्ख्या सिनेमात पिकला नाही.

आता तुझा पुरावा घेऊ. दप्तरातल्या नोंदीपासून सुरुवात करते, कारण तो माझा प्रांत.

केला दोन नोंदी सापडतात. एक मुलाची, एक मुलीची, आणि दोघांचा डीएनए हुबेहूब एकच. हे कसं शक्य आहे? ज्यांचा डीएनए एकसारखा ती एकाच बीजाची जुळी. अगदी दुर्मीळ अपवाद सोडले तर ती दोन्ही मुलगे असतात किंवा दोन्ही मुली. तेव्हा दोन्हींपैकी एक नक्कल आहे, आणि हे केलाही कळतं. पाय घसरतो तो पुढच्या पायरीवर. मुलीच्या नावापुढे मृत्यू लिहिलाय, म्हणून तो मुलाची नोंद अस्सल धरतो. तूही तेच केलंस.

दुबार नोंद हा माझ्या टेबलावरचा रोजचा खाऊ होता. पोर शहराच्या दवाखान्यात जन्मतं, तिथून नोंद येते. महिन्यानं आजोबा गावी ग्रामपंचायतीत जाऊन पुन्हा नोंद करतात, आणि तिथे तारीख पडते ती बारशाची. वीस वर्षांनी पासपोर्टच्या वेळी ते पोर दोन दाखले घेऊन उभं राहतं आणि विचारतं, "मॅडम, मी नक्की कोणता?" अशा वेळी आम्ही एक साधी गोष्ट बघायचो. कोणत्या नोंदीत कुणाचा फायदा आहे? अस्सल नोंद सहसा कंटाळवाणी असते. खोटी नोंद कशासाठी तरी केलेली असते.

सिनेमातली फायद्याची नोंद कोणती? मुलाचीच. मुलगी लपवायची आहे. तिला कागदावर मारलं की तिचा शोध थांबतो, आणि ज्याला शोधायचंच आहे त्याच्या हाती एक मुलगा लागतो, जो कधी नव्हताच. बरं, हे नुसतं त्या बंडखोर फ्रेसाच्या शब्दावर नाही. लास व्हेगासच्या त्या नारिंगी धुरळ्यात डेकार्ड भेटतो, म्हणजे पहिल्या सिनेमाचा नायक आणि या मुलीचा बाप, तेव्हा तो स्वतः सांगतो की नोंदींची सरमिसळ कशी करायची ते मीच त्यांना शिकवलं. एकमेकांपासून लांब राहिलेले दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात. आमच्याकडे एवढ्यावर तहसीलदारानं सही केली असती.

अनाथालयातलं रजिस्टरही आठव. के त्या वर्षाची पानं काढतो, तर ती फाडलेली. माझ्या दप्तरात वाळवीनं सबंध वर्षं खाल्लीयत, पण वाळवी साल बघून खात नाही. नेमकं हवं ते वर्ष नाहीसं होतं, तेव्हा कुणीतरी दिवा लावून, पान शोधून ते फाडलेलं असतं.

आता घोडा. घोडा खरा आहे, तारीख खरी आहे, आठवणही खरी आहे. फक्त ती केची नाही. रेप्लिकंटांसाठी आठवणी तयार करणारी डॉ. अना स्टेलिन काचेच्या गोल घरात एकटी राहते, आठवते ना? खऱ्या आठवणी वापरायला कायद्यानं बंदी आहे हे तीच केला सांगते. मग ती त्याची ती आठवण बघते, डोळ्यांत पाणी येतं, आणि म्हणते की कुणीतरी हे जगलंय. ती 'तू जगलास' म्हणत नाही. 'कुणीतरी' म्हणते. के त्या 'कुणीतरी'च्या जागी स्वतःला बसवतो आणि संतापून ओरडतो. ती लपवलेली मुलगी म्हणजे हीच, आणि ती रडते ते स्वतःसाठी. तिनं आपलंच बालपण चोरून त्याच्या डोक्यात घातलंय. आठवणीतल्या पोराचं डोकं तासलेलं आहे, त्या अनाथालयात सगळ्यांचीच डोकी तासलेली. मुलगा की मुलगी, तू तरी कशावरून ठरवलंस?

तारखेबद्दल एक. घोड्याखाली ६.१०.२१ कोरलंय. मी वाचलं सहा ऑक्टोबर. भाचा कानात म्हणाला, "मावशी, अमेरिकेत महिना आधी लिहितात, ते दहा जून आहे." म्हणजे मूल जूनमधलं. मला मनातल्या मनात हसू आलं. माझ्या वडिलांच्या पिढीतलं अर्धं गाव जूनमध्ये जन्मलेलं आहे, तेही बरोबर एक तारखेला. आजी पोराला घेऊन शाळेत जायची, गुरुजी विचारायचे जन्म कधीचा, आजी म्हणायची मोठा पूर आला होता त्या साली, आणि गुरुजी पोराला सहा वर्षं बसवून लिहायचे, १ जून. वडील खरं तर आषाढी एकादशीच्या आसपासचे. शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्याच्या अर्जावर, पेन्शनच्या कागदावर, सगळीकडे १ जून. पुढे पुढे त्या तारखेला केक कापला तर तेही खुशीत खायचे. कागदावरचा जन्म अंगवळणी पडतो तो असा. त्यामुळे के त्या तारखेला इतका का चिकटतो हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

पहिल्या सिनेमात याच्या नेमकं उलट आहे. तिथे रेप्लिकंटांच्या फायलीत जन्मतारखेच्या रकान्यात निर्मितीची तारीख असते. पळालेल्यांचा म्होरक्या रॉय बॅटी, त्याची ८ जानेवारी २०१६. त्याची साथीदार प्रिस, तिची १४ फेब्रुवारी २०१६. आयुष्य चार वर्षांचं, कारखान्यातून ठरवून दिलेलं. तारीख अगदी अचूक, ना बारशाचा घोळ ना गुरुजींचा, आणि तीच ऐकून अंगावर काटा येतो. औषधाच्या बाटलीवर असते तशी.

राहिला मुद्दा की मग केला जन्मलेलं असण्याची एवढी ओढ का. तो जोशीबाईंना म्हणतो, मी आजवर जन्मलेल्याला कधी मारलेलं नाही. जन्मलेल्याला आत्मा असतो, असं मला वाटतं. त्यावर बाई सांगतात की आत्म्याशिवाय तुझं बरं चाललंय की. आपल्याकडे ही अडचण कुणाला पडली नसती. अयोनिज असा शब्दच आहे आपल्याकडे. द्रौपदी यज्ञातून आली, सीता नांगराच्या तासात सापडली, द्रोण तर द्रोणातला. कुणी त्यांना तुम्ही खरे का म्हणून विचारलं नाही. (सीतेला विचारलं ते वेगळंच, आणि ते विचारणाऱ्याबद्दल जास्त सांगतं.)

पण केकडे बघताना मला त्यांच्यापैकी कुणी आठवलं नाही. आठवला कर्ण, तोही उलटा. कर्णाला शेवटी कळतं की तू सूतपुत्र नाहीस, कौंतेय आहेस, आणि तो म्हणतो, असू दे, मी राधेयच बरा. केला सिनेमाभर वाटत राहतं की आपण कौंतेय आहोत. मग अंधारात ती फ्रेसा मायेनं त्याच्याकडे बघून सांगते की ते तूच असं तुला वाटलं होतं, हो ना? आम्हां सगळ्यांनाच तसं वाटावंसं वाटतं. राधेयही नाही, कौंतेयही नाही. आणि त्यानंतर तो जे करतो ते बघ: दुसऱ्याच्या बापाला दुसऱ्याच्या मुलीपर्यंत नेऊन पोचवतो आणि आपण बाहेर बर्फातल्या पायऱ्यांवर आडवा होतो.

बनवलेलाच आहे तो. पार्टनरला सांग, चहा साखर कमी घालून घे, महिना मोठा आहे.

प्रश्न : मी ठाण्याचा, वय ६८. मूळ 'ब्लेड रनर' मी व्हीएचएसवर पाहिला होता. डेकार्ड हा हाडामांसाचा माणूस आहे हे मी तेव्हापासून सांगत आलो. आता मुलगा म्हणतो, दिग्दर्शकानंच त्याला रेप्लिकंट ठरवलंय, विषय संपला. दिग्दर्शक म्हणाला म्हणून मी पाहिलेला सिनेमा बदलतो का?

उत्तर : बदलत नाही, पण तुम्ही दोघं वेगवेगळे सिनेमे पाहून भांडताय.

तुम्ही पाहिलात तो १९८२चा. त्यात डेकार्ड मागून बोलत गोष्ट सांगतो, आणि शेवटी तो आणि त्याची प्रेयसी, रेप्लिकंट रेचल, मोकळ्या हवेत डोंगरांमधून गाडीनं निघून जातात. ती हवाई दृश्यं मुळात स्टॅन्ली कुब्रिकनं 'द शायनिंग'साठी घेतलेली, तिथे न वापरलेली. १९९२च्या आवृत्तीत ते निवेदन गेलं, डोंगर गेले, आणि एक छोटं स्वप्न आलं: एकशिंगी घोडा धुक्यातून दौडतो. २००७च्या अखेरच्या आवृत्तीतही ते स्वप्न आहे. बहुधा मुलानं हीच पाहिलीय.

आता शेवट बघा. दारात डेकार्डसोबतचा पोलीस गॅफ यानं घडी घालून केलेला कागदाचा एकशिंगी घोडा पडलेला असतो. तुमच्या आवृत्तीत त्याचा अर्थ एवढाच की गॅफ येऊन गेला आणि त्यानं रेचलला जिवंत सोडलं. मुलाच्या आवृत्तीत अर्थ निराळा. डेकार्डचं स्वप्न गॅफला ठाऊक कसं? रेचलच्या जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या आठवणी रेप्लिकंट बनवणाऱ्या टायरेलच्या भाचीच्या निघाल्या, तसंच हे स्वप्नही कुठल्या तरी फायलीत असणार. वस्तू तीच, जागा तीच, आणि काही सेकंदांच्या जोडकामानं माणसाचं कूळ बदललं.

तुमचा मुलगा सहाव्या रेप्लिकंटचा दाखला देईल, त्यावर घाबरू नका. १९८२च्या सिनेमात पोलिसांचा साहेब सांगतो की सहा पळाले, एक विजेच्या कुंपणात जळाला. उरले पाच, पण नावं चारांचीच. सहावा कोण? चाहत्यांनी वर्षानुवर्षं डेकार्डकडे बोट दाखवलं. खरी गोष्ट इतकी चिल्लर आहे की मला गहिवरून आलं. मेरी नावाची आणखी एक रेप्लिकंट पटकथेत होती, पैसे कमी पडल्यावर ती भूमिका कापली गेली, आणि संवादातला आकडा दुरुस्त करायचा राहिला. २००७ मध्ये तो दुरुस्त झाला. शुद्ध कारकुनी चूक, त्यावर पंचवीस वर्षं तत्त्वज्ञान.

माणसांच्या साक्षी घ्यायच्या तर त्याही फिरतात. ज्या कादंबरीवरून हे सगळं निघालं, फिलिप के. डिकची १९६८ची, तिच्यात डेकार्ड माणूस आहे, घरी बायको आहे. डिक मार्च १९८२ मध्ये गेला, सिनेमा जूनमध्ये आला. दिग्दर्शक रिडली स्कॉट ठामपणे रेप्लिकंट म्हणतो. हॅरिसन फोर्ड कित्येक वर्षं माणूस म्हणत राहिला आणि २०२३ मध्ये एका मुलाखतीत म्हणाला की मला आधीपासून ठाऊक होतं, फक्त मान्य करायचं नव्हतं. आणि २०४९वाल्या सिनेमात कंपनीचा मालक डेकार्डच्या तोंडावर शंका काढतो खरा, पण कागद दाखवत नाही.

आमच्या १९६९च्या कायद्यात कलम १५ आहे, चुकीच्या नोंदीचं. जन्माची नोंद चुकली असेल तर मूळ नोंदीला हात लावायचा नाही. खोडायचं नाही, पांढरं फासायचं नाही. दुरुस्ती समासात लिहायची, खाली सही आणि तारीख. माझ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं, कारण आधीच्या कारकुनानं ब्लेडनं अक्षरं खरवडून ठेवली होती आणि त्या एका पानापायी तीन भाऊ कोर्टात गेले होते. डेकार्डचंही मी तसंच लिहिते. मूळ नोंद: माणूस, १९८२. समासात: दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून रेप्लिकंट, १९९२ आणि २००७. दोन्ही वाचता येतात.

माझं मत विचारलं नाहीत, तरी देते. मी तुमच्या बाजूची. पावसात गच्चीवर रॉय बॅटी डेकार्डचा हात धरून त्याला वर खेचतो ना, तिथे माझ्यापुरता प्रश्न मिटतो. चार वर्षं पुरी व्हायच्या आत विझत चाललेला, बनवलेला जीव, ज्या जातीनं आपल्याला मारायला माणूस धाडला त्याच जातीच्या माणसाला वाचवतो. डेकार्डही बनवलेलाच निघाला तर ते आपल्याच भाऊबंदाला वाचवणं झालं. ते चांगलंच, पण तेवढं मोठं नाही. आणि रटगर हाउअर, ज्यानं तो रॉय केला, तो २०१९च्या जुलैमध्ये गेला. सिनेमातला रॉय मरतो तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. यातून काही सिद्ध होत नाही. रजिस्टरं चाळणाऱ्या बाईच्या नजरेत अशा तारखा येतात, इतकंच.

प्रश्न : बडोद्याहून लिहितेय. नवऱ्यासोबत 'ब्लेड रनर २०४९' पाहिला. डेकार्डचा कुत्रा खरा आहे की बनवलेला? नवरा म्हणतो खरा, कारण तो जमिनीवर सांडलेली व्हिस्की पितो.

उत्तर : वहिनी, व्हिस्की पिणं हा खरेपणाचा पुरावा धरला तर आमच्या लेखा विभागातले दोघं तिघं कायमचे पास झाले असते. केसुद्धा डेकार्डला हेच विचारतो, कुत्रा खरा आहे का? डेकार्ड म्हणतो, मला माहीत नाही, त्यालाच विचार.

याउपर मलाही काही सांगता येणार नाही. कुत्र्यांच्या परवान्याचं रजिस्टर आमच्याकडे नव्हतंच, ते शेजारच्या आरोग्य विभागात असायचं, आणि तिथला माणूस कायम जेवायला गेलेला.